एचएक्स स्टॉम्प बोर्डवर बसवायचाय? आधी अर्थिंग आणि करंट बघ, वेल्क्रो सगळ्यात शेवटी

तू विचारलंयस की लाइन सिक्सचा एचएक्स स्टॉम्प, म्हणजे गिटारचा डिजिटल मल्टिइफेक्ट प्रोसेसर, घेतलाय, सोबत क्राय बेबी वा पेडल, एक ओव्हरड्राइव्ह (आवाज फाटका करणारं पेडल), ट्यूनर आणि एक्सप्रेशन पेडल (पायानं पुढं-मागं करून आवाज वगैरे बदलायचं) आहे, सुताराकडून १२ एमएम प्लायचा २४ बाय १२ इंचाचा पेडलबोर्ड करून घेतलाय, तर यावर सगळं कसं बसवायचं, पॉवर कुठून द्यायची, आणि बँडमधल्या ट्यूब अँपला चार केबलनी जोडल्यावर जी घरघर येते ती कशी घालवायची. शिवाय महिन्यातून दोन-तीन ऑर्केस्ट्राचे प्रोग्राम, तिथं अँप नाही, डायरेक्ट मिक्सर. मी वीसेक वर्षं वाजवतोय आणि त्यातली बरीच वर्षं दुसऱ्यांचे बोर्ड बांधून देतोय, त्यामुळं जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, आज काहीही चिकटवू नकोस. सगळं टेबलावर किंवा सतरंजीवर मांड, आहे त्या केबलनी जोड आणि निदान दोन रिहर्सल तसंच वाजव. माझ्याकडं दुरुस्तीला येणाऱ्या बोर्डांपैकी बहुतेकांची अडचण तीच असते, आधी चिकटवलं आणि मग विचार केला. आणि मांडतानाच एक गोष्ट डोक्यात पक्की ठेव की प्रोसेसर मेला तरी प्रोग्राम बंद पडता कामा नये. साध्या पेडलच्या बोर्डवर एक पेडल गेलं तर ते वगळून पुढं जाता येतं, पण स्टॉम्पमधून तुझा सगळा आवाज जातो, म्हणून तो मिनिटभरात बाजूला काढता येईल असाच बसवायचा. मी खाली जे सांगतोय ते याच हिशोबानं.

मांडणी. स्टॉम्प साधारण ७ बाय ५ इंच आहे, पण त्याचे सगळे सॉकेट मागच्या बाजूला आहेत, इनपुट आउटपुट सेंड रिटर्न मिडी यूएसबी पॉवर सगळं, म्हणजे मागं दीड-दोन इंच प्लगला सोडावेच लागतात, एल आकाराचे प्लग वापरलेस तरी. वा १० इंच लांब आणि ४ इंच रुंद, तो उजव्या टोकाला उभा, आणि त्याच्याही उजवीकडं इनपुटची केबल घुसते म्हणून तिथं इंचभर जागा. एक्सप्रेशन डाव्या टोकाला. मध्ये जे उरतं त्यात पुढच्या रांगेत स्टॉम्प, कारण गाण्यात सगळ्यात जास्त पाय त्याच्यावर पडणार, आणि मागच्या रांगेत दोन इंच उंचीच्या लाकडी पायरीवर ट्यूनर आणि ओव्हरड्राइव्ह. त्या पायरीचा खरा फायदा उंचीचा नाही, स्टॉम्पच्या मागचे सगळे प्लग आणि केबल तिच्या पोटात जातात, म्हणून पायरी पुढून उघडी ठेवायला सांग सुताराला. देवळापुढच्या किंवा पूजा झालेल्या स्टेजवर आपण चपला काढून वाजवतो, तेव्हा अनवाणी पायानं एकेक बटण दाबून बघ, शेजारच्या नॉबला अंगठा लागत असेल तर आत्ताच सरकव.

ट्यूनर स्टॉम्पमध्येही आहे, तिसरं बटण दाबून धरलं की येतो, त्यामुळं वेगळा काढून टाकू का असं तुला वाटेल. माझं मत ठेव असं. स्टॉम्प गेला तर ट्यूनिंग आणि म्यूट दोन्ही हातात राहतं. क्रम गिटार, ट्यूनर, वा, ओव्हरड्राइव्ह, मग स्टॉम्पचं इनपुट. पुढं कधी जुन्या पद्धतीचा जर्मेनियम ट्रान्झिस्टरचा फझ पेडल घेतलास तर तो मात्र सगळ्यांच्या आधी, थेट गिटारला, कारण त्याला मधे बफर (सिग्नलला जोर देणारं सर्किट) आला की त्याचा आवाज चिरका होतो आणि गिटारच्या व्हॉल्यूमनं साफ होणं बंद होतं.

आता पॉवर. इथंच जास्तीत जास्त लोक चुकतात. स्टॉम्पबरोबर येणारा अ‍ॅडॉप्टर ९ व्होल्ट ३ अँपियरचा आहे. तुझा ओव्हरड्राइव्ह दहा-वीस मिलीअँपियरवर चालतो, वा पेडल त्याहूनही कमी. म्हणजे व्होल्टेज तेच दिसलं तरी भूक किती वेगळी आहे बघ. साध्या पॉवर सप्लायच्या १०० मिलीअँपियरच्या आउटपुटला स्टॉम्प लावलास तर एकतर चालू होणार नाही, नाहीतर चालू होऊन मधेच रीस्टार्ट मारेल, आणि हे गाणं ऐन रंगात असतानाही होऊ शकतं. मोठे महागडे सप्लाय घेऊन दोन आउटपुट पॅरलल करून हे जमवता येतं, उदाहरणार्थ सिऑक्सचा डीसी७ दर आउटपुटला ९ व्होल्टवर ६६० मिलीअँपियर देतो आणि त्याला पॅरलल केबल मिळते, पण तुझ्या बोर्डला त्याची गरज नाही. स्टॉम्पला त्याचाच अ‍ॅडॉप्टर, आणि बाकी तिघांना एक छोटा आयसोलेटेड सप्लाय. एवढंच.

आयसोलेटेड म्हणजे खरंच आयसोलेटेड, प्रत्येक आउटपुटचा ग्राउंड वेगळा. बाजारात नुसती आठ आउटपुटची डबी असते जी आतून एकच वायर आठ ठिकाणी वाटते, तिच्यावर डिजिटल ट्यूनर आणि ओव्हरड्राइव्ह एकत्र लावलेस की गेन वाढवल्यावर बारीक चिंSSS असा आवाज येतो, तो ट्यूनरच्या क्लॉकचा. मल्टिमीटर कंटिन्यूइटीवर ठेव, एक टोक एका आउटपुटच्या बाहेरच्या पत्र्याला आणि दुसरं टोक दुसऱ्याच्या, बीप वाजली तर आयसोलेटेड नाही. दुकानदारासमोर करून बघायला लाजू नकोस.

प्लगची दिशाही बघ. गिटार पेडलमध्ये बहुतेक सगळीकडं मधली पिन मायनस असते, पण कीबोर्डचा किंवा राउटरचा ९ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर बहुतेक वेळा उलटा असतो आणि आकार तोच, घुसतो बिनतक्रार आणि पेडल जाळतो. काही जुन्या पेडलांना डीसी नाही तर एसी लागतो, व्हॅमी ४ला ९ व्होल्ट एसी लागतो, तसा अ‍ॅडॉप्टर कुणी मित्रानं दिला तर लेबल वाचल्याशिवाय लावू नकोस. आणि पिनचा व्यास, २.१ आणि २.५ एमएम असे दोन येतात, २.१च्या पिनवर २.५चा प्लग बसतो पण सैल, पाय आपटला की पॉवर जाते. वाय आकाराच्या केबलही दोन प्रकारच्या असतात, एक करंट वाढवते आणि एक व्होल्टेज दुप्पट करते, दिसायला अगदी सारख्या. घरी आणल्यावर मल्टिमीटरनं मोजूनच लाव, ९च्या जागी १८ दिसले तर बाजूला ठेवून दे.

एक अजून, सप्लायमध्ये जड ट्रान्सफॉर्मर असेल तर तो वाच्या खाली किंवा शेजारी बसवू नकोस. वामध्ये एक कॉइल असते, ती ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र पकडते आणि वा चालू केला की ५० हर्ट्झची घुम्म येते, केबल कितीही बदल जात नाही. सप्लाय बोर्डच्या डाव्या पोटात, वा उजव्या टोकाला, म्हणूनच मी तशी मांडणी सांगितली.

आता अर्थिंगबद्दल, आणि हे कृपया नीट वाच. बऱ्याच वर्षांपूर्वी एका गावी जत्रेचा प्रोग्राम, दुपारी पाऊस पडून गेलेला, स्टेजवरचं मॅटिंग ओलं. गिटार अँपला लावली, हात तारांवर, आणि कोरस गायला माइकजवळ गेलो तर ओठाला माइकची जाळी टेकली आणि डोळ्यासमोर पांढरं झालं, मागं ढोलक ठेवलेला त्याच्यावर जाऊन पडलो. नंतर बघितलं तर अँपच्या बाजूच्या एक्स्टेंशनमध्ये अर्थची वायर जोडलेलीच नव्हती, आणि मिक्सर दुसऱ्या फेजवर. तेव्हापासून मी गिटार बाहेर काढायच्या आधी मल्टिमीटर काढतो. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३०च्या आसपास, फेज आणि अर्थमध्येही जवळजवळ तेवढंच, न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्ट, असं आलं तर ठीक. फेज-अर्थ खूप कमी किंवा आकडा नाचत असेल तर अर्थ नाहीच आहे. न्यूट्रल-अर्थ अगदी ठाम शून्य आलं तर कुणीतरी सॉकेटमध्येच दोन्ही एकत्र करून ठेवलेत का अशी शंका घे. स्वतःला चालू सॉकेटमध्ये प्रोब घालायची सवय नसेल तर मंडपवाल्याच्या वायरमनला करायला लाव, पण तुझ्यासमोर. आणि हम्, म्हणजे ती घरघर, जातो म्हणून अँपच्या प्लगची मोठी पिन कधीही काढू नकोस किंवा टेपनं झाकू नकोस. खरंच हम् जातो त्यानं, आणि माणूसही जाऊ शकतो.

आता तुझी घरघर. चार केबलची पद्धत म्हणजे गिटारकडून स्टॉम्पच्या इनपुटला, स्टॉम्पच्या सेंडमधून अँपच्या पुढच्या इनपुटला, अँपच्या इफेक्ट सेंडमधून स्टॉम्पच्या रिटर्नला, आणि स्टॉम्पच्या आउटपुटमधून अँपच्या इफेक्ट रिटर्नला. यातली पहिली गिटारची, म्हणजे बोर्ड आणि अँप यांच्यात तीन केबल. या तिन्ही केबलच्या आतली तारेची जाळी दोन्ही टोकांना ग्राउंडला जोडलेली असते, म्हणजे तीन ग्राउंडचं एक मोठं कडं तयार झालं, आणि त्या कड्याच्या आतून जेवढी हवा तेवढा आजूबाजूच्या वायरींचा हम् त्यात शिरणार. तू पाठवलेल्या फोटोत एक केबल ड्रमच्या मागून आणि दोन पुढून गेल्यात, तेच कारण असावं. तिन्ही केबल सारख्या लांबीच्या घे, एकत्र कर आणि दर फूटभरावर बांध, एकच जाड दोर असावा तशी. दोन्ही टोकांना लाल, पिवळी, निळी टेप गुंडाळ म्हणजे अंधारातही कुठली कुठं ते कळेल. निम्म्या लोकांचा हम् इथंच ऐकू येण्याच्या खाली जातो.

त्यानंतरही राहिला तर एकेक केबल काढून ऐक, जी काढल्यावर थांबतो त्या लाइनवर ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर टाक, छोट्या डबीत मिळतो. बोर्डचे सगळे अ‍ॅडॉप्टर आणि अँप एकाच एक्स्टेंशनवर, एकाच सॉकेटमधून, हेही. आणि हम् समजायच्या आधी गिटारचा व्हॉल्यूम शून्य कर. शून्यावर आवाज गेला तर तो तुझ्या सिंगल कॉइल पिकअपनं (तारांखालची चुंबकाची कॉइल) पकडलेला आहे, स्टेजच्या एलईडी पार दिव्यांचा किंवा डिमरचा, त्याला बोर्डचं वायरिंग काही करू शकत नाही, तू उभा राहायची दिशा बदल.

स्टॉम्पच्या ग्लोबल सेटिंगमध्ये सेंड-रिटर्नची लेव्हल इन्स्ट्रुमेंट किंवा लाइन अशी बदलता येते, सुरुवात इन्स्ट्रुमेंटपासून कर, लूप (म्हणजे ही सेंड-रिटर्नची जोडी) बंद-चालू करून आवाजाची पातळी सारखी राहते का ऐक. लूपच्या केबल काढून नुसता अँप वाजवताना आवाज अचानक पडला किंवा फुटका आला तर अँपला दोष द्यायच्या आधी अँपच्या इफेक्ट रिटर्नचा सॉकेट आठ-दहा वेळा प्लग घालून काढून बघ. त्या सॉकेटच्या आत एक पातळ पत्ती असते, प्लग नसताना ती सिग्नल पुढं पाठवते, आपल्याकडच्या पावसाळ्यात आणि विशेष करून कोकणात तिच्यावर गंज चढतो. कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा आणि काम झालं.

ऑर्केस्ट्राला यातल्या अँपच्या तीन केबल काढून ठेवायच्या आणि स्टॉम्पमध्ये वेगळा प्रीसेट, त्यात अँप आणि कॅबिनेटचे ब्लॉक असलेला, आउटपुट पॅसिव्ह डीआय बॉक्सला (गिटारचा सिग्नल मिक्सरला चालेल असा करणारी डबी) आणि तिथून मिक्सरला. अँपचे ब्लॉक न टाकता डायरेक्ट दिलं की ओव्हरड्राइव्ह कानात माशी शिरल्यासारखा वाजतो. आता इथं एक वेगळीच गंमत होते, स्टॉम्पचा अ‍ॅडॉप्टर अर्थ नसलेला असेल, छोटा सप्लायही तसाच, आणि साउंडवाल्यानं डीआयचं ग्राउंड लिफ्ट दाबलेलं, तर तुझ्या अख्ख्या बोर्डला कुठूनच ग्राउंड नाही. मग तारांना हात लावला की मुंग्या येतात आणि हात काढला की आवाज वाढतो. अशा वेळी लिफ्टचं दाबलेलं बटण सोडायला सांग. डीआयचं लिफ्ट फक्त सिग्नलची जाळी सोडतं, मेन्सच्या अर्थशी त्याचा संबंध नाही, त्यामुळं ते दाबणं-सोडणं सुरक्षित आहे.

पॅच केबल. तयार मिळतात, पण नेमक्या मापाच्या हव्या असतील तर स्वतः कर, पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला प्लग, वायर, सोल्डर सगळं मिळतं. पेडल जागेवर ठेवून सुतळीनं माप घे आणि दोन इंच जास्त धर. बाहेरचं आवरण अर्धा इंच सोलून जाळी बाजूला पिळ. आता नीट बघ, चांगल्या गिटार केबलमध्ये जाळीच्या आत, मधल्या वायरच्या प्लास्टिकवर, काळ्या रबरासारखा एक पातळ थर असतो. तो इन्सुलेशन वाटतो पण तो कंडक्टिव्ह आहे, केबल हलवल्यावर खरखर होऊ नये म्हणून घातलेला. तो टोकापासून तीन-चार एमएम मागं सोलला नाहीस तर तो मधल्या वायरला टेकतो आणि मग केबल चालते पण आवाज मेल्यासारखा, ट्रेबल गायब, आणि मीटरवर शॉर्टही दिसत नाही. मी सुरुवातीला अशा सहा केबल बनवून पिकअप खराब झालाय समजून आठवडाभर गिटार उघडून बसलो होतो. तो थर सोलल्यावर वायर आणि प्लगची पट्टी दोन्हीला आधी वेगवेगळं सोल्डर लाव, मग एकत्र टेकवून गरम कर, डाग गार होईपर्यंत हात हलवू नकोस. चकचकीत दिसला पाहिजे. दाणेदार, मळकट दिसला तर पुन्हा कर.

आता चिकटवणं. पेडलखालचे रबरी पाय काढून एका पिशवीत नाव लिहून ठेव, विकताना लागतात. सीरियल नंबरच्या स्टिकरवर वेल्क्रो नको, काढताना नंबरही निघून येतो आणि वॉरंटीला अडचण होते, त्याच्यावर आधी कागदाचा तुकडा आणि साधी टेप. खालचा पत्रा आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पूस, मऊ बाजू बोर्डवर आणि खरखरीत बाजू पेडलला. प्लायला आधी पॉलिश किंवा रंग मारून पूर्ण सुकू दे, कोऱ्या लाकडाचा भुसा गोंदाला धरू देत नाही. लावल्यावर एक दिवस काही न ठेवता सोड. आणि खरं सांगायचं तर वा आणि एक्सप्रेशन यांना नुसतं वेल्क्रो पुरत नाही, त्यांच्यावर आपण पूर्ण पाय देऊन रेटतो, आणि मे महिन्यात टेम्पोत बोर्ड तापला की गोंद लोण्यासारखा सरकतो. त्या दोघांना सायकलच्या चेनच्या कड्या वापर. जुन्या चेनची एक कडी सोडवायची, एक भोक पेडलच्या खालच्या प्लेटच्या स्क्रूखाली, दुसऱ्या भोकातून लाकडात स्क्रू. प्लेटचा स्क्रू मूळच्यापेक्षा कडीच्या जाडीएवढाच जास्त लांब घे, त्याच आट्यांचा. जास्त लांब घेतलास तर आत सर्किटला टोचेल.

स्टॉम्पला मात्र कड्या नकोत, त्याला वेल्क्रोच, चार पट्ट्या आणि मधे हवा खेळायला जागा, कारण तो चांगला गरम होतो. त्याच्या मागच्या केबलना पायरीच्या पोटात एवढा झोल ठेव की स्टॉम्प उपटून, सगळे प्लग लागलेले असताना, उभा धरता येईल. आणि ओव्हरड्राइव्हमधून स्टॉम्पला जाणारा प्लग पांढऱ्या टेपचा कर. स्टॉम्प मेला तर तो पांढरा प्लग काढायचा, त्या जागी ओव्हरड्राइव्हला लांब केबल लावायची आणि थेट अँपच्या इनपुटला. ट्यूनर, वा, ड्राइव्ह तिन्ही चालू राहतात. घरी अंधार करून दोन वेळा करून बघ.

पॉवरच्या वायरी बोर्डच्या मागच्या कडेनं, ऑडिओच्या पुढून, आणि जिथं ओलांडायला लागतील तिथं काटकोनात. प्लास्टिकचे झिप टाय करकचून आवळू नकोस, वायर आतून दबते, वेल्क्रोचे पट्टे चांगले. मेन्सची वायर बोर्डमध्ये शिरते तिथं क्लॅम्प लाव, कुणी अडखळलं तर ओढ क्लॅम्पवर यावी, अ‍ॅडॉप्टरवर नाही. बाहेरच्या केबलसाठी कडेला जॅकची डबी करायचं म्हणतोयस ते छान, पण पत्र्याच्या डबीत प्लास्टिक बॉडीचेच जॅक घे, नाहीतर सगळे ग्राउंड पत्र्यातून एकत्र होतील आणि आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर बसवलास तरी त्याचा उपयोग शून्य.

एक्सप्रेशन पेडल उलटं चालतंय म्हणतोस, टाच दाबली की आवाज वाढतो, तर ते बिघडलेलं नाही. वेगवेगळ्या कंपन्या प्लगच्या टोकाला आणि रिंगला वेगळं वायरिंग करतात. एम-ऑडिओच्या ईएक्स-पीला खाली छोटा स्विच असतो त्याच्यासाठीच, तुझं तेच असेल तर तो फिरव. तसा स्विच नसेल तर स्टॉम्पच्या प्रीसेटमध्ये कमीत कमी आणि जास्तीत जास्त किमतीची अदलाबदल कर.

सगळं झालं की बोर्ड उलटा करून चांगला हलव, काही खडखडलं तर शोध. मग पोटाचा फोटो काढून मोबाइलमध्ये ठेव, आणि पुढच्या प्रोग्रामला जाताना एक लांब केबल, एक पॅच केबल आणि मल्टिमीटर गिटारच्या बॅगेत टाक. त्या ट्यूब अँपवर लूपचा सेंड कुठल्या लेव्हलचा लिहिलाय ते मागच्या पॅनेलवर बघून सांग, वजा दहा किंवा अधिक चार डेसिबल असं काहीतरी असेल, मग स्टॉम्पची सेटिंग पक्की करून देतो.